देशांच्या नावांचे संघ आणि एक फाटलेला झेंडा

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

आमच्या युवक गटात १२ ते १८ वयोगटातील ४८ मुले-मुली आहेत. दरवर्षी आम्ही एका दिवसाची सांघिक खेळांची स्पर्धा घेतो. गेल्या वर्षी प्रथमच संघांना देशांची नावे दिली. सहा कर्णधार निवडले आणि त्यांनी आळीपाळीने आपापले खेळाडू घेतले. पाच खेळ होते. प्रत्येक खेळात पहिल्या संघाला १०० गुण, दुसऱ्याला ५० आणि बाकीच्यांना काहीच नाही. तिसऱ्या खेळानंतर तीन संघांनी खेळातून अंगच काढून घेतले. एका संघाने चेहरे रंगवून आणि तोंडे वेडीवाकडी करत बोबडे बोलून आपल्या देशाची नक्कल केली. शेवटच्या रस्सीखेचीत हरलेल्या संघातील एका मुलाने जिंकलेल्या संघाचा हाताने रंगवलेला झेंडा फाडला. तो झेंडा त्या संघाच्या पंधरा वर्षांच्या कर्णधार मुलीने रंगवला होता. तेव्हापासून ती गटात आलेली नाही. आता समितीतील काही जण म्हणतात की देशांची कल्पना सोडून संघांना लाल, निळा, हिरवा अशी नावे द्यावीत. काहींना स्पर्धाच नको आहे. मला दोन्ही पटत नाही, पण दुसरे काही सुचतही नाही. काय करावे?
एक संयोजक

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात लक्ष त्या झेंड्याकडेच गेले. दुसऱ्या वाचनात मात्र असे जाणवले की झेंडा फाटला संध्याकाळी, पण तो दिवस बिघडला होता सकाळीच, सहा कर्णधार मैदानाच्या मध्यभागी उभे राहून एकेकाचे नाव पुकारू लागले त्या क्षणी. म्हणून समितीला माझे पहिले सांगणे असे की देशांच्या नावांवर खापर फोडू नका. लाल आणि निळ्या संघांतही हेच घडले असते, कारण संघ पाडण्याची रीत तीच राहिली असती आणि गुणांची पद्धतही. स्पर्धा घ्या, देशांची कल्पनाही ठेवा. पण संघ कसे पाडायचे, गुण कसे द्यायचे आणि देशाच्या नावाने मुलांनी नेमके करायचे काय, या तीन गोष्टी मुळापासून बदला.

संघ पाडण्यापासून सुरुवात करते. कर्णधारांनी आळीपाळीने खेळाडू घेण्याची रीत इतकी रुळलेली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे आपल्या मनातही येत नाही. एकदा त्या रांगेच्या शेवटाकडे पाहा. सहा कर्णधार वगळता ४२ पैकी ३४ जण कोणाच्या तरी मागे जाऊन उभे राहिलेले असतात आणि उरलेले आठ जण मोकळ्या जागेत असतात. त्यांतला एक जण बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत असतो, म्हणजे मान खाली घालायला कारण मिळते. एखादी मुलगी उगीचच मोठ्याने हसत असते. मग कर्णधार म्हणतो, "बरं, चल, तू ये," आणि तो 'बरं' त्या मुलाच्या कानात दिवसभर राहतो. मी अनेक वर्षे युवक गटांबरोबर काम करत आले आहे आणि हा प्रकार मीही माझ्या देखरेखीखाली कितीदा होऊ दिला, याची मला आज खंत वाटते. या रीतीचा दुसरा तोटा असा की घट्ट मैत्री असलेली धडधाकट मुले एकाच संघात जमतात आणि स्पर्धेचा निकाल पहिल्या शिट्टीआधीच लागलेला असतो.

त्याऐवजी संघ तुम्ही दोघा-तिघा संयोजकांनी बंद खोलीत पाडावेत. ४८ नावे कागदावर घ्या आणि त्यांच्या सहा-सहाच्या आठ ओळी करा. पहिल्या ओळीत वयाने मोठे आणि चपळ असे सहा जण, दुसऱ्या ओळीत त्यांच्या खालोखालचे सहा जण, असे करत शेवटच्या ओळीत नवखे आणि लहान सहा जण येऊ द्या. मग प्रत्येक ओळीतील सहा चिठ्ठ्या सहा संघांत एकेक करून टाका. प्रत्येक संघाला प्रत्येक ओळीतला एकच जण मिळत असल्यामुळे संघ आपोआप तोलामोलाचे होतात. त्याआधी प्रत्येक मुलाकडून एका चिठ्ठीवर एकच नाव लिहून घ्या: माझ्या संघात हा एक मित्र किंवा ही एक मैत्रीण असावी. शक्य तितक्यांची ही इच्छा पुरी करा, कारण अनोळखी सात जणांत दिवसभर वावरणे लाजऱ्या मुलाला फार जड जाते. पण तीन-चार जणांचा घट्ट कंपू एका संघात येत असेल तर तो फोडा. शेवटी मुले आणि मुली यांची विभागणी पाहून दोन-चार अदलाबदली करा. ओळींचा तो कागद मात्र नंतर फाडून टाका. मुलांच्या हाती तो पडता कामा नये.

कर्णधार आधी नेमू नका. संघाने दर खेळासाठी वेगळा कर्णधार ठरवावा. यंदा पुढे सांगते तसे सहा खेळ ठेवले आणि आठ जणांच्या संघात सहा वेळा कर्णधार बदलला की जवळजवळ प्रत्येकाला एकदा पुढे उभे राहावे लागते, आणि कोणा एकाच्याच शिरावर विजय किंवा पराभव येत नाही.

आता देशांकडे वळू. कोणते देश घ्यावेत, याचा विचार बहुतेक संयोजक करतच नाहीत. ज्यांची नावे चटकन आठवतात ते घेतात. माझा सल्ला असा की स्वतःचा देश यादीत ठेवू नका. तो ज्या संघाला मिळेल त्याचा बाकीचे पाच संघ हेवा करतील, आणि त्या संघाविरुद्ध खेळताना मुलांच्या मनात उगीच विचित्र कालवाकालव होईल. ज्या दोन देशांत सध्या युद्ध किंवा तेढ आहे, तेही एका यादीत आणू नका; घरी कानावर पडलेली वाक्ये मुले मैदानावर उच्चारतात आणि मग खेळाचा विषय बाजूला पडतो. देश चिठ्ठ्या टाकून वाटा आणि स्पर्धेच्या किमान तीन आठवडे आधी वाटा. या तीन आठवड्यांत काय करायचे, ते पुढे सांगते.

झेंड्यांबाबत थोडी काळजी घ्यावी लागते. चाड आणि रुमानिया यांचे झेंडे दुरून वेगळे ओळखता येत नाहीत, इंडोनेशिया आणि मोनॅको यांचेही तसेच आहे; पहिल्या जोडीत फरक केवळ निळ्या रंगाच्या छटेचा आहे, दुसऱ्या जोडीत केवळ लांबी-रुंदीच्या प्रमाणाचा. ही अडचण मोठ्यांनाही आलेली आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये लिश्टेनश्टाइनच्या लोकांच्या लक्षात आले की आपला झेंडा आणि हैतीचा झेंडा सारखाच आहे, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या झेंड्यावर मुकुट काढला. सौदी अरेबियाच्या झेंड्यावर धार्मिक वचन लिहिलेले आहे, म्हणून तो कधी अर्ध्यावर उतरवला जात नाही, आणि चेंडूवर किंवा कपड्यांवर छापलेला तर तिथल्या लोकांना खपत नाही. कोणताही झेंडा पाठीवर, डोक्याला किंवा पायाशी बांधायला देऊ नये. संघाची ओळख म्हणून मनगटाला रंगीत फीत पुरेशी आहे. झेंडा मुलांनी हाताने रंगवावा, जसा तुमच्या त्या कर्णधार मुलीने रंगवला होता, पण तो एका ठरावीक जागी, सहाही झेंडे एका ओळीत आणि सारख्या उंचीवर असा लावावा. मैदानावर तो फडकावत धावायचे नाही, हे आधीच सांगून टाकावे. ज्या वस्तूवर कोणी दोन संध्याकाळी खपलेले आहे ती प्रतिस्पर्ध्याच्या तोंडासमोर नाचवली की ती ओढून घेण्याचा मोह होतोच.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या गेल्या वर्षीच्या स्पर्धेत देशाच्या नावाला काही कामच नव्हते. संघाचे नाव अमुक देश, पण खेळ तेच, धावणे तेच, ओरडणे तेच. नावाला काम नसले की मुले त्याचे सोंग करतात. चेहरे रंगवणे आणि बोबडे बोलणे तिथूनच आले. त्या मुलांच्या मनात दुष्टावा होता असे मला वाटत नाही. तुम्ही त्यांना देश दिलात, पण त्या देशाचे करायचे काय ते सांगितले नाहीत, म्हणून त्यांना जे सुचले ते त्यांनी केले. म्हणून यंदा प्रत्येक संघाला देशाबरोबर त्या देशातील एक खेळ द्या. तीन आठवड्यांत त्या संघाने तो खेळ शिकावा, त्याचे नियम सोप्या शब्दांत लिहावेत, साहित्य जमवावे किंवा बनवावे, आणि स्पर्धेच्या दिवशी तो खेळ बाकीच्या पाच संघांना शिकवून त्याचे पंच व्हावे. आपल्या खेळात यजमान संघ स्वतः खेळणार नाही आणि त्याला त्याचे गुणही मिळणार नाहीत. सहा खेळ, प्रत्येक संघ एकदा यजमान आणि पाच वेळा स्पर्धक, म्हणजे हिशेब बरोबर जुळतो.

नमुन्यादाखल मी सहा देश सुचवते. यांतील प्रत्येक खेळ थोड्या जागेत आणि किरकोळ साहित्यात होतो. फिनलंडचा म्योल्क्यू घ्या. १ ते १२ आकडे घातलेले लाकडाचे बारा ठोकळे जवळजवळ उभे करायचे आणि तीन-चार मीटरवरून एक लाकडी दांडका टाकून ते पाडायचे. एकच ठोकळा पडला तर त्यावरचा आकडा मिळतो. जास्त पडले तर जितके पडले तितके गुण. पडलेला ठोकळा जिथे पडला तिथेच पुन्हा उभा करतात, त्यामुळे खेळ हळूहळू पसरत जातो. जिंकायला नेमके ५० गुण लागतात आणि ५० च्या पुढे गेलात तर थेट २५ वर परत यावे लागते. या एका नियमामुळे पुढे असलेल्याला सावध राहावे लागते आणि मागे पडलेल्याला शेवटपर्यंत आशा असते. बारा वर्षांची मुलगी आणि अठरा वर्षांचा मुलगा येथे खरोखर बरोबरीने खेळू शकतात.

घानाच्या आम्पे या खेळाला काहीही साहित्य लागत नाही. दोन मुली समोरासमोर उभ्या राहून टाळी वाजवतात, उडी मारतात आणि खाली येताना एक पाय पुढे टाकतात. दोघींचे पुढे आलेले पाय सारखे असतील तर एकीचा गुण, वेगळे असतील तर दुसरीचा. कोणाचे काय हे आधी ठरलेले असते. ऐकायला सोपे वाटते, पण तालात पाच मिनिटे खेळून पाहा, दम लागतो. घानात हा खेळ प्रामुख्याने मुली खेळतात, आणि तुमच्या गटातील मोठ्या मुलांना तो मुलींकडून शिकावा लागला तर ते मला फार आवडेल.

जपानचा दारुमासान गा कोरोन्दा म्हणजे आपल्याकडे मुले ज्याला 'स्टॅच्यू' म्हणतात त्याच जातीचा खेळ. ज्याच्यावर राज्य आहे तो पाठ फिरवून हे वाक्य म्हणतो, तोपर्यंत बाकीच्यांनी पुढे सरकायचे, आणि तो वळला की जागच्या जागी थिजायचे. वाक्याचा अर्थ आहे 'दारुमा बाहुला पडला'. जपानी उच्चाराप्रमाणे त्यात बरोबर दहा मात्रा येतात, म्हणून तेथील मुले दहापर्यंत मोजण्याऐवजीही ते म्हणतात. ब्राझीलचा पेतेका म्हणजे वर पिसे लावलेले फूल, जे रॅकेटऐवजी तळहाताने मारायचे. जाळी नसली तरी गोल करून ते किती वेळ हवेत ठेवता येते, हे मोजता येते. मलेशियाच्या सेपाक रागा या खेळात वेताचा चेंडू गोलात उभे राहून पायाने, गुडघ्याने, डोक्याने हवेत ठेवायचा असतो, हात लावायचा नाही. हा जमायला अवघड आहे, म्हणून नवख्यांसाठी चेंडूचा एक टप्पा चालवून घ्यावा.

सहावा खेळ फ्रान्सचा पेतांक. जमिनीवर काढलेल्या वर्तुळात दोन्ही पाय टेकवून उभे राहायचे आणि धातूचा गोळा लहान लाकडी गोळीच्या शक्य तितका जवळ टाकायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण फ्रान्समधील ला सियोता या गावी हा खेळ आकाराला आला. त्याआधीच्या प्रकारात गोळा टाकण्यापूर्वी काही पावले धावत यावे लागे. असे सांगतात की एका जुन्या खेळाडूला संधिवातामुळे धावता येईनासे झाले, तेव्हा त्याच्या मित्राने धावणेच काढून टाकले आणि सर्वांनीच पाय रोवून गोळा टाकायचा असे ठरवले. खेळाच्या नावाचाही स्थानिक बोलीतला अर्थ 'रोवलेले पाय' असाच आहे. तुमच्या ४८ जणांत एखाद्याचा पाय अधू असेल, एखाद्याला दमा असेल, तर खेळ निवडताना ही गोष्ट समितीला जरूर सांगा. त्या मित्राने आजारी माणसाला बाकावर बसवून गुणलेखनाचे काम दिले नाही, हे मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत मोलाचे वाटते.

यजमानपदाचा एक परिणाम तुम्हाला त्या दिवशीच दिसेल. जो संघ सकाळी तुम्हाला ठोकळे नीट उभे करायला शिकवतो आणि तुमची चूक झाली तरी एकदा पुन्हा टाकू देतो, त्याच्याशी दुपारी भांडणे जड जाते. शिवाय ज्या मुलाला वेगात धावता येत नाही पण समजावून सांगता येते, त्याला प्रथमच मैदानावर मान मिळतो.

देशाच्या वेशभूषेबद्दल नियम स्पष्ट ठेवा: चेहरे रंगवायचे नाहीत, कोणाच्या बोलण्याची किंवा दिसण्याची नक्कल करायची नाही. त्याऐवजी प्रत्येक संघाने त्या देशातील अभिवादनाचा एक शब्द बरोबर उच्चारायला शिकावा, जसे फिनलंडचे 'मोई' किंवा ब्राझीलचे 'ओला', आणि आपला खेळ सुरू करताना सर्वांना त्या शब्दाने बोलवावे. त्या देशातली एखादी मुलगी कुंपणाशी उभी राहून पाहत असती तर ती आत येऊन खेळली असती की निघून गेली असती, एवढा प्रश्न मुलांना विचारलात तरी बहुतेक वेळा त्यांना स्वतःलाच काय वगळायचे ते कळते.

गुणांचे म्हणाल तर तुमची गेल्या वर्षीची पद्धत मोडीत काढा. तीन खेळ जिंकणाऱ्या संघाचे ३०० गुण झाले होते आणि उरलेल्या दोन खेळांत कोणालाही जास्तीत जास्त २०० मिळणार होते. म्हणजे ज्यांच्या नावावर शून्य होते त्यांची स्पर्धा तिथेच संपली होती. तुम्ही म्हणता त्या तीन संघांनी अंग काढून घेतले, पण त्यांना गणित कळत होते, इतकेच. यंदा प्रत्येक खेळात पाच संघ असतील, तर पहिल्याला ५, दुसऱ्याला ४, असे करत शेवटच्याला १ गुण द्या. एका खेळात पहिल्या आणि शेवटच्या संघात चारच गुणांचे अंतर पडते, त्यामुळे शेवटच्या फेरीपर्यंत बहुतेक संघ शर्यतीत राहतात. शेवटच्या खेळाचे गुण दुप्पट-तिप्पट करण्याची युक्ती काही जण सुचवतील. ती स्वीकारू नका. सकाळपासून मेहनत करून पुढे गेलेल्या मुलांना ती फसवणूक वाटते, आणि ती तशी असतेही. बरोबरी झाल्यास काय, पंचाचा निर्णय पटला नाही तर कोणाकडे जायचे, हे दोन्ही नियम आधी लिहून फलकावर लावा. खिलाडूवृत्तीसाठी वेगळे गुण मात्र ठेवू नका. चांगुलपणाला गुण लावले की मुले पंचांच्या देखत टाळ्या वाजवतात आणि पाठ वळली की थांबतात. चषक जरूर द्या. जिंकण्याचा आनंद मुलांना हवा असतो आणि तो हवासा वाटण्यात काही गैर नाही.

रस्सीखेच ठेवायची असेल तर तिला दिवसाच्या शेवटी ठेवू नका आणि देशाविरुद्ध देश अशीही खेळवू नका. दुपारी सर्व संघांतील मुलांची वजन पाहून नव्याने सरमिसळ करा, आठ विरुद्ध आठ अशा जोड्या लावा, आणि तिला गुण ठेवू नका. सुरक्षिततेबाबत मात्र कोणतीही सूट देऊ नका. १९९७ मध्ये तैपेईत सोळाशेहून अधिक लोकांनी एकाच दोराने रस्सीखेच खेळली. ताणाने नायलॉनचा दोर तुटला आणि दोन माणसांचे हात तुटले. नायलॉन ताणला की रबरासारखा जोर साठवतो आणि तुटताच तो सगळा जोर उसळून मागे येतो. म्हणून नायलॉनचा किंवा जुना, कुठे उसवलेला दोर वापरू नका. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दोराचा घेर १० ते १२.५ सेंटिमीटर आणि लांबी किमान ३३.५ मीटर असते. इतका जाड दोर मुठीत नीट बसतो आणि हाताभोवती गुंडाळावासा वाटत नाही. हाताला किंवा कमरेला वेढा घालायचा नाही, दोराला गाठ किंवा फास ठेवायचा नाही, आणि जिंकल्यावर किंवा हरल्यावर दोर अचानक सोडायचा नाही, हे प्रत्येक फेरीआधी मोठ्याने सांगा. गवतावर खेळवा, फरशीवर नाही.

दिवसाचा शेवट कसा करावा, याबद्दल मला एक जुना प्रयोग आठवतो. १९५४ च्या उन्हाळ्यात मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह येथे साधारण अकरा वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर भरवले आणि त्यांचे दोन गट केले. मुलांनी आपल्या गटांना रॅटलर्स आणि ईगल्स अशी नावे घेतली, म्हणजे एक विषारी साप आणि एक गरुड. देश कोणताच नव्हता. दोन गटांत चुरशीचे सामने लावताच रस्सीखेचीत हरलेल्या ईगल्सनी रॅटलर्सचा झेंडा जाळला. तुमच्या पत्रातील प्रसंगाशी हा प्रसंग इतका जुळतो की मी थक्क झाले. तेथील मोठ्या माणसांनीच मुलांमधली तेढ वाढवली, अशी टीका या प्रयोगावर पुढे झाली, आणि ती रास्त आहे; पण ती टीकाही आपल्याला हेच सांगते की मुलांचे भांडण पुष्कळदा मोठ्यांनी केलेल्या मांडणीतून उभे राहते.

तेढ मिटवण्यासाठी तिथे आधी दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले, एकत्र चित्रपट दाखवला. त्याने काही साधले नाही, उलट जेवताना एकमेकांवर अन्नाची फेकाफेक झाली. उपयोग झाला तो एका गटाच्या आवाक्याबाहेरच्या कामांचा. शिबिराचे पाणी बंद पडले तेव्हा सर्वांनी मिळून बिघाड कुठे आहे ते शोधले. अन्न आणणारा ट्रक बंद पडला तेव्हा सर्वांनी मिळून दोर लावून तो ओढला, आणि तो दोर रस्सीखेचीचाच होता.

तुमच्या स्पर्धेचा शेवटचा तास अशा एखाद्या कामासाठी राखून ठेवा. पाण्याने भरायची एक मोठी टाकी मैदानाच्या एका टोकाला आणि पाणी दुसऱ्या टोकाला ठेवा. ४८ जणांची एकच साखळी करा, तीही अशी की शेजारी शेजारी एकाच संघाचे दोघे नकोत, आणि ठरावीक वेळेत टाकी भरून दाखवायला सांगा. वेळ अशी लावा की प्रत्येकाने हात लावल्याशिवाय काम होणार नाही, पण होईल. तेच पाणी नंतर झाडांना घाला. चषक या कामानंतर द्या, आधी नाही. निकाल आधी कळला तर साखळीत निम्मे हात सैल पडतील.

समारोपाला संघवार रांगा लावू नका. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपर्यंत समारोपात खेळाडू देशवार येत असत. त्या वर्षी मेलबर्नमधील जॉन इयन विंग या सतरा वर्षांच्या, सुतारकाम शिकणाऱ्या मुलाने आयोजकांना पत्र लिहून सुचवले की शेवटच्या दिवशी सर्व देशांच्या खेळाडूंनी मिसळून चालावे. ते दिवसही काही शांत नव्हते. समारोपाच्या दोनच दिवस आधी हंगेरी आणि सोव्हिएत संघ यांच्या वॉटरपोलो सामन्यात एका हंगेरियन खेळाडूच्या डोळ्यापाशी रक्त आले होते. आयोजकांनी त्या मुलाचे ऐकले, खेळाडू मिसळून चालले, आणि ती प्रथा पुढे टिकली. तुमच्या गटातही त्याच वयाची मुले आहेत. समितीच्या बैठकीला त्यांच्यापैकी दोघा-तिघांना बोलवा आणि यंदा काय बदलावे ते त्यांना विचारा.

राहिले ते दोघे: झेंडा फाडणारा मुलगा आणि झेंडा रंगवणारी मुलगी. मुलाला सर्वांसमोर माफी मागायला लावू नका. तशी माफी तोंडाने निघते आणि मनात राग ठेवून जाते. त्याच्याशी तुम्ही एकट्याने बोला. त्या संध्याकाळी त्याला काय झाले होते ते आधी ऐकून घ्या, आणि मग त्या झेंड्यावर तिने किती वेळ घालवला होता ते त्याला सांगा. त्याला ते ठाऊक नसण्याचीच शक्यता मला जास्त वाटते. त्याला तिची माफी मागावीशी वाटली तर दोन ओळी लिहून द्यायला सांगा. नाही वाटली तर जबरदस्ती करू नका, पण यंदा सहाही झेंडे लावण्याची आणि संध्याकाळी घडी घालून परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाका.

मुलीकडे मात्र निरोप किंवा आमंत्रणपत्रिका पाठवून भागणार नाही. तुम्ही स्वतः तिच्या घरी जा, आणि परत ये म्हणण्याआधी तिला सांगा की त्या दिवशी ते थांबवणे आमचे काम होते आणि आम्ही ते केले नाही. त्या मुलाने दोन ओळी लिहिल्या असतील तर त्या तिच्या हाती द्या, पण त्या वाचायच्या की नाही हे तिच्यावर सोडा. यंदाची योजना तिला दाखवा आणि त्यात तिला काय खटकते ते विचारा. जी मुलगी त्या दिवशी दुखावली गेली, तिला त्यातल्या त्रुटी तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर दिसतील. आणि हे सगळे चिठ्ठ्या पाडण्याच्या आधी करा, कारण आठ ओळींच्या त्या कागदावर तिचे नाव धरायचे की नाही, हे तिने ठरवायचे आहे. ती नाही म्हणाली तर एक संघ सात जणांचा राहू द्या आणि त्यातल्या कोणाला तरी दोनदा खेळू द्या. तिच्या जागी घाईने दुसरे नाव भरू नका.